आधी माणसं, मग कागद, मग माती: डेट्रॉइटच्या ब्लॅक वस्तीत अन्न सार्वभौमत्व उभं करायचं तर

गेली सहा वर्षं मी एप्रिल ते ऑक्टोबर, शनिवारी सकाळी, डेट्रॉइटच्या ईस्ट साइडला ब्लॅक शेजाऱ्यांनी चालवलेल्या एका बागेत कामाला जाते. नोव्हाय, कँटन, ट्रॉय या उपनगरांकडची आपली मराठी मंडळी, सोशल वर्क नाहीतर प्लॅनिंग शिकायला आलेली पोरं, हल्ली बरेच जण विचारतात की आम्हालाही असं काहीतरी सुरू करायचंय, बियाणं कुठून आणायचं? आणि गाडी तिथेच रुळावरून घसरते, कारण बियाणं हा सहावा प्रश्न आहे. मार्चमध्ये ढोल वाजवून सुरू झालेल्या आणि ऑगस्टमध्ये कमरेएवढं गवत माजलेल्या बागा इतक्या बघितल्यात की आता कामाचा क्रमच लिहून काढतेय.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की डोक्यात घ्या. फुकट भाजी वाटली म्हणजे अन्न सार्वभौमत्व आलं असं होत नाही. काय पिकवायचं, जमीन कोणाच्या नावावर, दुकान कोणाचं, त्यातला पैसा कुठे जातो, हे सगळं तिथे राहणाऱ्यांनी ठरवायचं असतं. डेट्रॉइटमध्ये चारातले तीनाहून जास्त लोक ब्लॅक आहेत, पण वर्षानुवर्षं किराणा दुकानांची मालकी जवळपास सगळी बाहेरच्यांकडे. हे बदलायचं असेल तर तुम्ही आणि मी तिथे मदतनीस आहोत, मालक नाही, आणि खालची प्रत्येक पायरी हे धरूनच लिहिलीय.

## पायरी १: माणसं

हिवाळ्यात सुरू करा. जानेवारी-फेब्रुवारीत त्या गल्लीतल्या दोन-तीन ब्लॉकमध्ये राहणाऱ्या एखाद्या माणसाबरोबर दारोदार जा, एकट्याने जाऊ नका. फॉर्म, क्लिपबोर्ड काही नको. तीनच गोष्टी विचारा: घरी काय शिजतं, भाजी कुठून आणता, आणि इथे आधीपासून कोण पिकवतं. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळतंच. डेट्रॉइटच्या ब्लॅक वस्तीत कोणाच्या ना कोणाच्या परसात कोलार्डचा (कोबीच्या कुळातली पालेभाजी) वाफा असतोच, आणि त्या आजोबांना किंवा आजींना तिथल्या मातीबद्दल जे माहीत असतं ते कुठल्याच पुस्तकात नसतं. त्यांना पहिल्या बैठकीला बोलवायचं, चौथ्या नाही.

मग जे आधीपासून काम करतायत त्यांना भेटा. डेट्रॉइट ब्लॅक कम्युनिटी फूड सॉव्हरेन्टी नेटवर्क २००६ पासून आहे, मलिक याकिनी त्याच्या संस्थापकांपैकी, रूज पार्कमधलं सात एकरांचं डी-टाऊन फार्म त्यांचंच. कीप ग्रोइंग डेट्रॉइट बागवाल्यांना बी, रोपं आणि प्रशिक्षण देतं. यांना न भेटता नवीन संस्थेचं नाव आणि लोगो ठरवत बसणं ही अगदी नेहमीची चूक, आणि त्याने लोक दुखावतात.

पाच ते सात जणांचा गट करा, त्यातले बहुसंख्य त्याच वस्तीत राहणारे. निर्णय कसा घ्यायचा, पैसे कोण काढू शकतं, भांडण झालं तर कोणाकडे जायचं, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा.

किल्लीचं विशेष लक्षात ठेवा. आमच्या पहिल्या वर्षी अवजारांच्या शेडची किल्ली माझ्याकडे होती, कारण कुलूप मी आणलं होतं. जुलैत मी दोन आठवडे भारतात गेले, नळी आत, कुलूप बाहेर, आणि ऐन उन्हात चाळीस टोमॅटोची झाडं पिवळी पडून बसली. शेजारच्या काकू रोज कुंपणातून ती बघत होत्या, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. मी परत आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या दारातल्या बागेची किल्ली तुझ्या गावाला कशी?" त्यानंतर तीन किल्ल्या केल्या, तिन्ही त्याच गल्लीत राहतात.

तपासा: तुम्ही उद्यापासून आलाच नाहीत तर बाग चालेल का? उत्तर नाही असेल तर पुढे जाऊ नका, अजून एक हिवाळा माणसांवरच घालवा.

## पायरी २: जमीन आणि कागद

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. डेट्रॉइटमधला नेहमीचा प्लॉट साधारण ३० बाय १०० फूट, म्हणजे आपल्या हिशेबात पावणेतीन गुंठे. असे हजारो रिकामे दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं की कोणाचेच नाहीत. कोणाचे तरी असतातच: लँड बँकेचे (रिकाम्या, जप्त झालेल्या जागा सांभाळणारी सरकारी संस्था), शहराचे, चर्चचे, नाहीतर कॅलिफोर्नियात बसलेल्या एखाद्या गुंतवणूकदाराचे. फावडं मारायच्या आधी मालक शोधा.

नेहमीचे मार्ग असे:

1. प्लॉटला लागून कोणाचं राहतं घर असेल तर लँड बँकेकडून साइड लॉट म्हणून १०० डॉलरला मिळू शकतो. घरमालकाचा टॅक्स थकलेला नको.
2. लागून नाही पण घरापासून ५०० फुटांच्या आत असेल तर नेबरहूड लॉट, २५० डॉलर.
3. चर्चची किंवा शहराची जागा भाड्याने किंवा करारावर.

पहिल्या दोन्हींत खरेदी करणारा वस्तीतलाच लागतो, म्हणून पायरी १ आधी. नियम आणि किमती बदलत असतात, अर्ज करायच्या आठवड्यात लँड बँकेकडे पुन्हा विचारा.

तोंडी परवानगीवर कधीच पेरू नका. वर ज्या नेटवर्कचं लिहिलं त्यांनाही रूज पार्कला पोचायच्या आधी दोन जागा सोडाव्या लागल्या होत्या, २००६ मध्ये ईस्ट साइडचा पाव एकराचा तुकडा आणि मग एका चर्चची जागा, आणि शहराशी दोन वर्षं बोलणी करून २००८ मध्ये कुठे पार्कमधल्या जमिनीचा करार झाला. दोन-तीन वर्षं कंपोस्ट घालून काळी केलेली माती उचलून नेता येत नाही हो, ती तिथेच राहते आणि पुढच्या माणसाच्या लॉनखाली जाते.

भाडेकरार करत असाल तर निदान पाच वर्षांचा घ्या आणि त्यात लिहून घ्या की जागा परत मागायची झाली तर नोटीस पीक निघाल्यानंतर लागू होईल, आणि हूप हाऊस (कमानींवर प्लॅस्टिक ताणलेलं हरितगृह), शेड, कुंपण कोणाचं राहील. विकत घेत असाल तर क्विटक्लेम डीड म्हणजे काय ते वकिलाकडून समजून घ्या, कारण त्यात देणारा फक्त आपला हक्क सोडतो, टायटल, म्हणजे मालकी हक्क, साफ असल्याची हमी देत नाही. टायटल साफ करायला वेगळी केस लागते आणि तिचा खर्च प्लॉटच्या किमतीच्या कित्येक पट असतो.

आता नाव कोणाचं. हा प्रश्न लोक टाळतात कारण अवघड वाटतो. एकाच व्यक्तीच्या नावावर ठेवलं आणि ती व्यक्ती मृत्युपत्र न करता गेली की सगळे वारस एकत्र मालक होतात, आणि त्यातला एक जण दूर शिकागोत बसून आपला हिस्सा विकायला काढतो. सातबारावर दहा वारसांची नावं चढली की काय होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. अमेरिकेत ब्लॅक कुटुंबांच्या हातून शेतजमिनी गेल्या त्याचं हे एक मोठं कारण आहे. त्यामुळे एक तर मृत्युपत्र, नाहीतर जमीन संस्थेच्या, सहकारी मंडळाच्या किंवा लँड ट्रस्टच्या नावावर.

पैशांसाठी डेट्रॉइट ब्लॅक फार्मर लँड फंड आहे, २०२० मध्ये जूनटीन्थच्या (१९ जून, गुलामगिरी संपल्याचा दिवस) सुमारास तीन स्थानिक संस्थांनी मिळून सुरू केला, ब्लॅक शेतकऱ्यांना जमीन घ्यायला मदत करतात. अर्ज शेतकऱ्याने स्वतः करायचा, तुम्ही हवं तर स्कॅन करून द्या.

सावधान: जमीन घेतली की प्रॉपर्टी टॅक्स सुरू. मिशिगनमध्ये तीन वर्षं थकला की जमीन जप्त होते. शंभर डॉलरचा प्लॉट शे-दोनशेच्या बिलापायी गेलेला बघवत नाही, म्हणून बिल ज्या पत्त्यावर येतं तिथे कोणी राहतंय ना ते बघा. प्लॉटवर जुना काँक्रीटचा ड्राइव्हवे असेल तर पाणी खात्याचा ड्रेनेज चार्जही (पक्क्या जागेवरून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचा आकार) लागू शकतो, तो फोडून काढायचा की कसं ते आधीच ठरवा.

तपासा: २०१३ च्या शहरी शेतीच्या नियमाप्रमाणे एक एकरापर्यंत गार्डन, त्याच्या वर फार्म, आणि दोन्हींच्या अटी वेगळ्या. कोंबड्या आणि मधमाश्या २०२५ पासून परवाना काढून ठेवता येतात, कोंबड्या-बदकं मिळून आठ आणि पेट्या चार. पहिल्या वर्षी त्यांच्या भानगडीत पडू नका.

## पायरी ३: माती

कागद हातात आला की मग माती. आमच्या प्लॉटवर पहिल्यांदा फावडं मारलं तेव्हा चार इंचावर वीट लागली, मग काचा, मग टाइल्सचा तुकडा आणि एक अख्खा स्टीलचा चमचा. तिथे घर होतं, ते पाडून तळघरात ढकललेलं आणि वरून माती लोटलेली. डेट्रॉइटच्या रिकाम्या प्लॉटमध्ये हेच सापडणार असं धरूनच चला.

खोदायच्या निदान तीन कामाचे दिवस आधी ८११ ला फोन करा. गॅस, वीज, पाण्याच्या लाइनी कुठून जातात ते फुकट येऊन खुणा करून जातात.

मग शिशाची चाचणी. १९७८ च्या आधीच्या घरांच्या रंगात शिसं असायचं, शिवाय जुन्या पेट्रोलचा धूर वर्षानुवर्षं रस्त्याकडेला बसलाय. नमुना असा घ्या:

1. प्लॉटचे तीन भाग धरा: रस्त्याकडचा, जिथे घर होतं तो, आणि मागचा.
2. प्रत्येक भागात दहा-पंधरा ठिकाणी सहा इंच खोल माती घ्या, प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करा, खडे-मुळं काढा.
3. त्यातली दोन कप वाळवून वेगळ्या पिशवीत, पिशवीवर भागाचं नाव.

तिन्ही भाग एकाच पिशवीत मिसळू नका. मिसळले की रस्त्याकडची वाईट माती मागच्या चांगल्या मातीत लपते आणि सरासरी बघून सगळे खूश होतात.

सावधान: साध्या मातीपरीक्षणात पीएच, पोटॅश, फॉस्फरस एवढंच येतं. शिसं वेगळं सांगून, वेगळे पैसे भरून तपासून घ्यावं लागतं. "माती टेस्ट केलीय" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी शिसं तपासलेलंच नसतं, रिपोर्ट हातात घेऊन स्वतः बघा.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने राहत्या जागेच्या मातीसाठी शिशाचा ४०० पीपीएमचा (दहा लाख भागांत इतके भाग) आकडा २०२४ मध्ये २०० वर आणला. म्हणजे जुन्या पत्रकात ३५० ला ठीक म्हटलेलं असेल तर ते आता धरू नका. आम्ही स्वतः शंभरच्या पुढे काही आलं की पालेभाजी आणि कंदमुळं थेट जमिनीत लावत नाही, कारण पाल्याला माती चिकटते आणि कंद तर मातीतच वाढतात. टोमॅटो, भेंडी, मिरची यांच्या फळात शिसं फारच कमी जातं. पण खरा धोका ताटातल्या भाजीपेक्षा धुळीचा असतो, बुटाला, हाताला लागून घरात जाणाऱ्या आणि रांगणाऱ्या पोरांच्या तोंडात जाणाऱ्या धुळीचा. म्हणून वाटांवर लाकडाच्या चिप्सचा जाड थर, बागेचे बूट दाराबाहेर, आणि हात धुवायला साबण बागेतच.

जागेवर आधी गॅरेज, पेट्रोल पंप किंवा ड्रायक्लीनर होता असं कळलं तर शिशापुरतं थांबू नका, दुसरा प्लॉट बघा.

## पायरी ४: पाणी

रिकाम्या प्लॉटला नळ नसतो, घर पाडताना लाइन बंद केलेली असते, आणि नवीन लाइन टाकायचा खर्च हजारांत जातो. बहुतेक बागा शेजाऱ्याच्या नळावर सुरू होतात. इथे फार सांभाळून वागा. डेट्रॉइटमध्ये बिल थकलं म्हणून हजारो घरांचं पाणी तोडलं गेलंय, त्यामुळे "थोडंसं पाणी द्या ना" हे तिथे हलकं बोलणं नाही. वेगळं छोटं मीटर नळाला लावा, महिन्याच्या पहिल्या तारखेला रीडिंग घ्या आणि पैसे मागायच्या आधी नेऊन द्या.

## पायरी ५: वाफे

आता लाकूड आणा, त्याच्या आधी नाही. चार बाय आठ फुटांचा, फूटभर उंच वाफा भरायला ३२ घनफूट माती लागते, म्हणजे सव्वा घनयार्डाच्या आसपास. दहा वाफ्यांना बारा यार्ड, एक ट्रक. लोक पिशव्यांनी माती आणायला जातात आणि तिसऱ्या वाफ्यालाच पैसे संपतात.

खाली जाड कापड किंवा पुठ्ठा अंथरा. जुने रेल्वे स्लीपर, रंगवलेलं लाकूड वापरू नका, फुकट मिळालं तरी. विकत घेतलेल्या मातीचीही शिशाची चाचणी मागा, "क्लीन टॉपसॉइल" असं पावतीवर लिहिलं म्हणून ती क्लीन होत नाही. दोन वाफे कमरेएवढे उंच करा, गुडघे दुखणाऱ्या आज्यांसाठी. बाग खरी त्याच चालवतात.

## पायरी ६: काय लावायचं, कधी लावायचं

पायरी १ च्या उत्तरांवरून यादी करा. आम्ही पहिल्या वर्षी बेसिल आणि तऱ्हेतऱ्हेचं लेट्यूस लावलं होतं, कारण बाहेरून आलेल्या आम्हा लोकांना ते आवडायचं, आणि निम्मं तसंच वाळून गेलं. दुसऱ्या वर्षी कोलार्ड, मोहरीचा पाला, टर्निप, भेंडी, रताळी आणि चवळी लावली, एक पान उरलं नाही. भेंडीच्या बाबतीत मला तिथे पहिल्यांदा आपलेपणा वाटला, कारण ती कोवळी असताना, दोन दिवसाआड तोडायची हे त्या काकूंनी मला अगदी माझ्या आईच्या तोंडचं सांगितलं.

डेट्रॉइटला रात्री दव गोठणं मेच्या मध्यापर्यंत चालतं आणि ऑक्टोबरच्या मध्याला परत सुरू होतं. त्या हिशेबाने:

- कोलार्ड: मार्चमध्ये घरात रोपं करा, एप्रिलअखेर बाहेर. दुसरी खेप जुलैत, ती थंडीत गोड होते, थँक्सगिव्हिंगला हीच लागते.
- मोहरी, टर्निप: एप्रिलमध्ये थेट पेरा, परत ऑगस्टमध्ये.
- टोमॅटो, मिरची: मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आधी नको.
- भेंडी, चवळी, रताळ्याचे वेल: जून. माती गार असली की भेंडीचं बी कुजतं, घाई करून उपयोग नाही.

आणि एक बऱ्याच जणांना माहीत नसतं: सरकारी अन्नमदतीच्या कार्डवर, मिशिगनमध्ये त्याला ब्रिज कार्ड म्हणतात, खाण्याच्या भाज्यांचं बी आणि रोपंही विकत घेता येतात. वस्तीतल्या लोकांना सांगा.

## पायरी ७: वाटप आणि विक्री

फुकट किती आणि विकायचं किती हे पेरणीच्या आधी ठरवा, जुलैत भाजी हातात आल्यावर ठरवलं की भांडणं होतात. आमच्याकडे काम करणाऱ्या घरांचा वाटा आधी, मग शेजारच्या म्हाताऱ्यांच्या दारात पिशव्या, राहील ते विक्रीला.

विकायला सुरुवात करायची तर स्वतःचा स्टॉल टाकायच्या आधी ग्रोन इन डेट्रॉइटसारख्या सामाईक स्टॉलवरून ईस्टर्न मार्केटमध्ये माल पाठवा, धुणं, जुड्या बांधणं, भाव लावणं तिथे शिकायला मिळतं. ब्रिज कार्ड घेता येईल अशीच जागा निवडा. डबल अप फूड बक्स ही योजना २००९ मध्ये डेट्रॉइटमध्येच सुरू झाली, त्यात कार्डवर घेतलेल्या भाजीच्या रकमेएवढी भाजी आणखी मिळते, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. कार्ड न घेणारा स्टॉल म्हणजे ज्या माणसांसाठी बाग काढली त्यांनाच बाहेर ठेवणं.

सावधान: घरच्या स्वयंपाकघरात केलेला जॅम किंवा ब्रेड मिशिगनच्या कॉटेज फूड कायद्याखाली लेबल लावून विकता येतो. लोणची, साल्सा त्यात बसत नाहीत. आपल्याकडच्या हौशी मंडळींनी हे नीट वाचावं.

## पायरी ८: पैसे

पहिल्या वर्षी स्वतःची नोंदणीकृत संस्था काढू नका. फिस्कल स्पॉन्सर धरा, म्हणजे आधीपासून नोंदणी असलेली संस्था तुमच्या वतीने देणगी घेते आणि थोडे टक्के ठेवून घेते. निवडताना ती संस्था ब्लॅक नेतृत्वाची आहे का ते बघा. हूप हाऊससाठी कृषी खात्याची मदत मिळते, पण पैसे बऱ्याचदा काम झाल्यावर येतात, मध्ये कोणाच्या खिशातून जाणार ते आधी ठरवा, नाहीतर एखाद्या आजींचं क्रेडिट कार्ड मध्ये येतं.

ग्रँटचा अर्ज लिहायला इंग्रजी चांगलं असलेले आपण पुढे सरसावतो. लिहा जरूर, पण पाठवायच्या आधी बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. एकदा मी वस्तीबद्दल "फूड डेझर्ट" (ताजं अन्न मिळत नाही असं अन्नाचं वाळवंट) लिहिलं होतं, तिथल्या एका तरुणाने शांतपणे सांगितलं की वाळवंट निसर्ग करतो, इथली दुकानं माणसांनी काढून नेली. तो शब्द खोडला आणि दुकानं कुठली, कधी बंद झाली ते लिहिलं.

## पायरी ९: दुकान

हे पाच-दहा वर्षांनंतरचं काम आहे, पण दिशा म्हणून आत्ताच माहीत हवं. वुडवर्ड ॲव्हेन्यूवर नॉर्थ एंडमध्ये मे २०२४ ला डेट्रॉइट पीपल्स फूड को-ऑप उघडलं, ब्लॅक नेतृत्वाचं, सभासदांच्या मालकीचं किराणा दुकान. सभासदत्वाचा शेअर २०० डॉलर, एका सभासदाला एकच मत. कल्पनेपासून दरवाजा उघडेपर्यंत दहा वर्षांहून जास्त गेली. सोसायटीची सर्वसाधारण सभा बघितलेल्या मराठी माणसाला ही रचना लगेच कळते, आणि कुठे बिघडते तेही: सभासद शेअर घेतात आणि खरेदी मात्र दुसरीकडे करतात. तुमच्या बागेतल्या घरांना सभासद व्हायचं असेल तर हप्त्याने भरता येतं का ते विचारा, आणि महिन्याचं थोडं तरी सामान तिथूनच येऊ द्या.

## पहिलं वर्ष बंद करताना

ऑक्टोबरच्या शेवटी नळी काढून पाणी पूर्ण रिकामं करा, नाहीतर गोठून फुटते. मीटरचं शेवटचं रीडिंग, शेजाऱ्याचे पैसे, टॅक्सचं बिल भरल्याची पावती, सगळं एका फाइलमध्ये घालून ती फाइल वस्तीतल्याच कोणाकडे द्या. हिशेब सगळ्यांसमोर वाचा, पाच डॉलरच्या खिळ्यांसकट. आणि जमीन गोठायच्या आत एका वाफ्यात लसूण लावा, पाकळीचं टोक वर, दोन इंच खोल, सहा इंचांवर एक, वरून पेंढ्याचा जाड थर. जुलैमध्ये निघतो.